शिरढोणच्या गिरणीतले ढग

कोल्हापूरहून निघालेल्या बसने मला पनवेलच्या स्टँडवर उतरवायचं होतं. तिने मला पळस्पे फाट्यावर, पुलाखाली उतरवलं, तेही रस्त्याच्या नको त्या बाजूला.

"आत स्टँडला गेलो की पाऊण तास जातोय," कंडक्टर म्हणाला.

"तिकीट स्टँडचं आहे."

"मग बसा की. मुंबईवरनं परत येताना सोडतो स्टँडला."

मागच्या सीटवरचे दोघे हसले. मी बॅग घेऊन उतरलो. फेब्रुवारीतली दुपार होती. डोक्यावर पूल, समोर गोव्याकडे जाणारा रस्ता आणि त्यावर एकामागून एक ट्रेलर. त्यांच्यातली फट शोधून पलीकडे जायला मला वीस मिनिटं लागली. मी हेलिकॉप्टर चालवतो. सह्याद्रीच्या कड्यांमधून बावीस वर्षं माणसांची ने-आण केली आहे. पण पळस्पे फाटा पायी ओलांडताना जितका घाबरलो, तितका त्या बावीस वर्षांत एकदाच घाबरलो होतो. त्या एका वेळेबद्दल पुढे लिहावंच लागणार आहे.

आधी मी पनवेलला का गेलो ते सांगतो. आमच्या छोट्या कंपनीने हेलिकॉप्टरच्या जोडीला एक विमान घ्यायचं ठरवलं. ज्या वैमानिकांकडे दोन्हींचं इन्स्ट्रुमेंट रेटिंग (ढगात-धुक्यात बाहेरचं काही दिसत नसताना फक्त समोरच्या यंत्रांवर विसंबून उडवण्याची परवानगी) असेल तेवढेच राहतील, असं तोंडी सांगण्यात आलं. माझ्याकडे एकाचंही नव्हतं. वय एकोणपन्नास. विमानाचा साधा परवाना तरुणपणी काढून ठेवला होता, तो नूतनीकरण करून जिवंत ठेवलेला. हेलिकॉप्टरवर मात्र मी आयुष्यभर स्वच्छ हवेचा वैमानिक. ढग दिसला की वळायचं, एवढीच विद्या.

दोन्ही रेटिंगांचा मिळून खर्च ऐकल्यावर बायको, सुनीता, म्हणाली होती, "त्यापेक्षा ढगच विकत घे." एकातले काही तास दुसऱ्यात धरतात, असं कळलं. किती धरतात हे मी चार जाणकारांना विचारलं आणि मला पाच उत्तरं मिळाली, कारण चौथ्याने संध्याकाळी फोन करून स्वतःचं उत्तर बदललं. शेवटी एका जुन्या सहकाऱ्याने मार्ग सांगितला. हवेतला प्रत्येक तास महाग. मान्यता असलेल्या सिम्युलेटरचा (विमानाच्या नकली कक्षाचा) तासही महाग. पण हे तास बहुतेक लोक हात बसवण्यातच घालवतात. तेव्हा आधी कुठेतरी स्वस्तात हात बसवून घ्यायचा आणि मग नियमाला लागतील तेवढेच महागडे तास विकत घ्यायचे. त्यासाठी शिरढोणला कॅप्टन रेगे आहेत. नौदलातून निवृत्त, दोन्ही उडवलेले, आणि फी म्हणून फक्त वीजबिल घेणारे.

फाट्यावर मिनीडोर (सहा आसनी रिक्षा) उभी होती. "बसा, येक शीट झाली का निघतो," चालक म्हणाला. एक शीट झाली. मग अजून एक. मग कोंबड्यांची पाटी घेतलेल्या एक आजी. अर्ध्या तासाने निघालो.

"शिरढोनला काय काम?"

"विमान शिकायला चाललोय."

त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. "इमानतळ तिकडं उलव्याला हाय, दादा. तुमी उलटं चाललाव. शिरढोनला नुसती गिरन हाय."

"तिथंच जायचंय. गिरणीत."

आजींनी पाटी थोडी माझ्यापासून लांब सरकवली.

गिरणी खरोखर भाताची गिरणी होती. रेग्यांच्या घरामागे, वरती पत्रा, भिंतींवर अजून कोंड्याची पिवळी धूळ. मागच्या दारातून कर्नाळ्याचा सुळका दिसत होता, अंगठा वर केल्यासारखा. गिरणीच्या मधोमध प्लायवूडची खोली, आत जुन्या मोटारीची एक खुर्ची, समोर तीन पडदे आणि वरून काळं कापड. खुर्चीच्या डाव्या हाताला हेलिकॉप्टरची कलेक्टिव्ह दांडी होती. खरी नव्हे. टेम्पोचा हँडब्रेक.

"दांडी वर ओढली की हेलिकॉप्टर वर जातं. तेवढं कळतं ना तुला?" रेग्यांनी विचारलं. बहात्तर वर्षांचे, हाफ पँट, गळ्यात चष्मा. पहिल्या वाक्यापासून अरे-तुरे.

"हो सर."

"सकाळी विमान, दुपारी हेलिकॉप्टर. विमानाच्या वेळी ही दांडी काढायची आणि त्याच जागी हा दट्ट्या लावायचा. हा आत ढकलला की इंजिनाची ताकद वाढते, बाहेर ओढला की कमी होते. दोन बोल्ट आहेत. पाच मिनिटांचं काम."

पाच मिनिटांच्या कामाला रोज एक तास लागायचा, कारण दुसरा बोल्ट झिजलेला होता आणि रेग्यांना तो बदलायचा नव्हता. "ओरिजिनल आहे," ते म्हणायचे. टेम्पोचा ओरिजिनल!

खरी कटकट पहिल्याच सकाळी कळली. ढगातून उतरण्याचा सराव असा असतो: बाहेर काही दिसत नाही, यंत्रं बघत ठरावीक उंचीपर्यंत खाली यायचं. तिथे धावपट्टी दिसली तर उतरायचं, नाही दिसली तर एका क्षणात पूर्ण ताकद देऊन पुन्हा वर जायचं. रेगे मला धावपट्टी दाखवत नव्हते. मी खाली आलो. समोर राखाडी. वर जायचं! आणि माझ्या डाव्या हाताने बावीस वर्षं जे केलं तेच केलं. ओढलं.

हेलिकॉप्टरमध्ये ओढलं की वर जातो. विमानात ओढलं की इंजिन बसतं. पडद्यावर एक शेत आलं आणि मग सगळं लाल झालं.

"मेलास," रेगे म्हणाले आणि त्यांनी दारावर खडूने एक रेघ मारली.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दारावर सात रेघा होत्या. मी चिडून म्हणालो, "सर, खऱ्या विमानात मी डावीकडे बसेन, दट्ट्या उजव्या हातात असेल. ही तुमची रचनाच चुकीची आहे."

"स्वस्तात दोन्ही पाहिजे कोणाला होतं? मला?" त्यांनी चहाचा घोट घेतला. "रचना चुकीची आहे हे मला माहीत आहे. म्हणून तर तोंडाने बोल म्हणतोय. प्रत्येक यंत्र मोठ्याने वाच. उंची अमुक, वेग अमुक, कल डावा, कल उजवा. आणि वर जाताना 'पुढे' म्हण. तोंड बोललं की हात ऐकतो. तू तोंड मिटून का बसतोस?"

उत्तर मला ठाऊक होतं, आणि ते सांगितल्याशिवाय हे प्रवासवर्णन पुढे नेणं अप्रामाणिक होईल.

दोन वर्षांपूर्वी महाबळेश्वरच्या बाजूला मी चार प्रवाशांना घेऊन ढगात शिरलो. वळायला हवं होतं, वळलो नाही, कारण मागचे साहेब घाईत होते आणि मला त्यांच्यापुढे नाही म्हणायला जड जात होतं. आत गेल्यावर चाळीसेक सेकंद मला वर-खाली कळत नव्हतं. माझं अंग सांगत होतं की आपण सरळ आहोत. शेजारी आमचा इंजिनिअर नामदेव बसला होता, उरणच्या कोळीवाड्यातला. तो समोरच्या यंत्रावर बोट ठेवून ओरडत होता, "साहेब, उजवा कल हाय! उजवा कल!" मी त्याच्यावर खेकसलो, "गप्प बस!" तो गप्प बसला नाही. शेवटी, दुसरं काहीच सुचेना म्हणून, मी त्याचं ऐकलं. ढगाखाली आलो तेव्हा झाडं इतकी जवळ होती की पानं वेगळी दिसत होती.

प्रवाशांनी तक्रार केली. कंपनीने विचारलं. मी सांगितलं की इंजिनिअर घाबरला, आरडाओरडा केला, बटणांना हात लावला, त्यामुळे माझं लक्ष विचलित झालं. नामदेवला काढलं. मी राहिलो.

तेव्हापासून कॉकपिटमध्ये कुणी मोठ्याने कल वाचला की मला नामदेवच ऐकू येतो. स्वतःच्या तोंडूनही तो शब्द निघत नाही. आणि पनवेल निवडताना मला माहीत होतं की नामदेव आता उरणजवळ द्रोणागिरीला एका कंटेनर यार्डात कामाला आहे. गिरणी स्वस्त होती हे खरंच. पण पहिले दोन दिवस मी स्वतःला तेवढंच कारण सांगत होतो.

तिसरा दिवस शुक्रवार. सकाळी गिरणीत अंधार.

"शुक्रवारी लाइट नसते, मेन्टेनन्स," रेगे म्हणाले. "सांगितलं नव्हतं का?"

"नाही सर."

"मग आता सांगितलं. जा, फिरून ये कुठेतरी."

सरावाची सबब गेली. मी पनवेलला आलो आणि उरणची बस धरली. गव्हाण फाट्याच्या पुढे बस ट्रेलरांच्या रांगेत अडकली ती अडकलीच. उजव्या बाजूला एकावर एक रचलेले कंटेनर, डाव्या बाजूला चिखल आणि त्यात एका पायावर उभे बगळे. जिथे मिठागरं होती तिथे आता गोदामं. शेजारचे गृहस्थ म्हणाले, "ही आमची जमीन होती," आणि पुढच्या गोदामाशी पुन्हा म्हणाले, "हीपण." मी दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होतो. उशीर होतोय म्हणून चिडत होतो, आणि आज पोचलोच नाही तर बरं, असंही वाटत होतं.

यार्डाच्या फाटकावरच्या रखवालदाराने वहीत नाव, गाव, कामाचं स्वरूप लिहायला लावलं. कामाचं स्वरूप मी "भेट" लिहिलं. त्याने ते वाचलं आणि म्हणाला, "खासगी का कंपनीचं?" मी जरा थांबून "खासगी" लिहिलं.

नामदेव एका अजस्र उचल-यंत्राखाली उताणा पडला होता. फक्त पाय दिसत होते. मी वाकलो. त्याने मान वळवून पाहिलं, ओळखलं, आणि पुन्हा वर बघायला लागला.

"साहेब, पाना द्या जरा. येकोनीसचा."

मी पाना दिला.

"यो सतरा हाय."

मी दुसरा दिला. तो बराच वेळ काहीतरी आवळत राहिला. मी तिथेच उकिडवा बसून म्हणालो, "नामदेव, मी ऑफिसला खोटं सांगितलं होतं."

"मना ठाव हाय. मी तिथंच व्हतो."

"मग तू बोलला का नाहीस?"

"इचारलं कोनी?" तो बाहेर सरकला, उठून बसला, हात पुसले. केस पांढरे झाले होते. "मापी मागाया आलाव?"

"हो."

"ती मना नको. भारतीला सांगा. माजी बायको. जेट्टीवरची पोरं मना ढगवाला म्हनतात, त्याचं काय नाय. पन ती दोन वर्सं इचारते, तू कनच्या बटनाला हात लावलास." त्याने घड्याळ पाहिलं. "तीनला सुटतो. थांबनार का जानार?"

मी थांबलो. दोन तास, सावली नसलेल्या फाटकापाशी. रखवालदाराने एकदा खुर्ची दिली आणि पंधरा मिनिटांनी साहेब येणार म्हणून परत घेतली.

नामदेवच्या मोटरसायकलवर मागे बसून कोळीवाड्यात गेलो. घरापुढच्या अंगणात ताडपत्रीवर जवळा (अगदी बारीक कोलंबी) वाळत घातला होता आणि भारतीताई त्यातला कचरा निवडत होत्या.

"यो साहेब," नामदेव म्हणाला आणि ओट्यावर जाऊन बसला.

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तुमीच ते?"

मी उभ्यानेच सगळं सांगितलं. ढग, मी का वळलो नाही, नामदेवने काय सांगितलं, मी काय केलं. मध्ये एकदा थांबलो तर त्या म्हणाल्या, "बोला, आयकते." त्यांचे हात निवडतच होते.

"म्हंजे यानं हात लावलाच नाय?"

"नाही. त्यानं कल सांगितला, आणि बरोबर सांगितला. त्याचं ऐकलं म्हणून आम्ही सहा जण जिवंत राहिलो."

हात थांबले. त्या नवऱ्याकडे वळल्या. "तू का नाय बोललास रं मना?"

"बोललो व्हतो. तू म्हनालीस, येवडा मोटा साहेब कशाला खोटं बोलंल."

मला आजवर बरंच काही ऐकून घ्यावं लागलं आहे, पण या वाक्यासारखं दुसरं नाही. भारतीताई उठल्या, आत गेल्या. मला वाटलं आता बाहेर येतच नाहीत. पण त्या वहीचा कागद आणि पेन घेऊन आल्या.

"ल्हून द्या."

"मी ऑफिसला पत्र पाठवणारच आहे."

"पाठवा. मना पन द्या. भावाला दाखवायचाय."

मी ओट्यावर बसून लिहिलं. मनापासून लिहिलं असं मला वाटत होतं. त्यांनी बोट ठेवून सावकाश वाचलं आणि एका जागी बोट थांबलं.

"हितं ल्हिलाव, 'गैरसमजातून माझ्याकडून चुकीची माहिती दिली गेली.' कोनाचा गैरसमज?"

मी ते वाक्य पुन्हा वाचलं.

"तुमाला तवा ठाव व्हतं ना?"

"हो."

"मग खोटं बोललो आसं ल्हिवा."

एवढ्या लांब येऊन, अंगणात उभं राहून सगळं तोंडाने कबूल करूनही कागदावर मी पुन्हा पळवाट ठेवली होती, आणि ती ठेवताना मला कळलंही नव्हतं. माझाच मला इतका संताप आला की पेन कागदात रुतलं. दुसरा कागद मागितला. त्यावर लिहिलं, "मी खोटं बोललो." बाकीचं त्याखाली.

त्यांनी तो घडी करून डब्यात ठेवला. "जेवून जा," म्हणाल्या. ते आमंत्रण मऊ नव्हतं. दारी आलेल्याला उपाशी पाठवायचं नाही एवढाच त्याचा अर्थ. तांदळाची भाकरी आणि कांदा घालून परतलेला जवळा. इतकं चविष्ट जेवण मी इतक्या कमी लायकीने कधी जेवलो नव्हतो.

नामदेवने मला बसपर्यंत सोडलं. "नोकरी परत नको मना," तो म्हणाला. "पन मी यंत्राला हात लावला, यो डाग काढा."

शनिवारी लाइट होती. प्लायवूडच्या खोलीत बसलो, काळं कापड ओढून घेतलं. पहिल्या खेपेला पुन्हा मेलो. रेग्यांनी रेघ मारली. दुसऱ्या खेपेला मी तोंड उघडलं. आवाज घोगरा येत होता. "उंची आठशे. वेग ऐंशी. उजवा कल." कल सरळ केला. "सहाशे. वेग ऐंशी. कल नाही." खाली आलो, समोर राखाडी. "पुढे!" मी इतक्या जोरात ओरडलो की रेग्यांच्या सूनबाई घरातून बाहेर आल्या. हाताने दट्ट्या पुढे ढकलला. उंची वाढायला लागली.

"अजून नऊ वेळा," रेगे म्हणाले. कौतुक वगैरे नाही.

नऊपैकी एकदा चुकलो. दुपारी बोल्टने अडवलं, म्हणून हेलिकॉप्टरचा सराव चार वाजता सुरू झाला. रविवारीही तेच. सोमवारी सकाळी रेग्यांनी दाराकडे पाहून जाहीर केलं की आता मी महागडे तास फुकट घालवणार नाही. "विमान, हेलिकॉप्टर, दोन्हीकडचे तास घेऊन ये. वाचवलेस बरेच पैसे."

मग मी त्यांना कंपनीसाठी लिहिलेलं पत्र दाखवलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं.

"हे पाठवलंस तर तुला उडवू देतील का? कमीत कमी चौकशी होईपर्यंत?"

"नाही वाटत."

"मग हे आठवडाभर काय केलं आपण?" ते खरोखर चिडले. "माझं वीजबिल, तुझी रजा, माझा बोल्ट!" ते उठून दारापर्यंत गेले, परत आले. "पाठव. पण आजच पाठव. उद्या तू शहाणा होशील."

पनवेलच्या पोस्टात रांग होती. खिडकीशी पोचलो तेव्हा जेवणाची सुट्टी. पुन्हा रांग. पुन्हा खिडकी. "पिनकोड नाही," बाई म्हणाल्या. कंपनीचा पिनकोड मला पाठ नव्हता. तो बघायला मोबाइल काढला तर रेंज नाही. बाहेर येऊन पाहिला, परत आलो, मागच्या काकांनी आत घेतलं नाही, तिसऱ्यांदा रांगेत उभा राहिलो. तीन वेळा मला सहज घरी जाता आलं असतं. शेवटी पावती हातात आली तेव्हा ती दोनदा तपासली.

रात्री उशिरा कोल्हापूरला पोचलो. सुनीताने दार उघडताच विचारलं, "जमलं का? दोन्ही?" मी तिला बसवलं आणि सगळं सांगितलं, भारतीताईंना सांगितलं होतं त्याच क्रमाने. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "नामदेव आपल्याकडे जेवायला यायचा. मी तुला विचारलं होतं तो कुठे गेला. तू म्हणालास, चांगली नोकरी लागली." हेही मी विसरलो होतो. खोटं नेमकं कुठे कुठे ठेवलंय हे मला आता एकेक करून सापडतंय.

आठवड्याने कंपनीचं पत्र आलं. चौकशी पूर्ण होईपर्यंत उड्डाणं बंद. विमानाच्या शाळेत आणि सिम्युलेटरवर मी धरून ठेवलेल्या तारखा सोडून दिल्या. ज्यांना दोन्ही रेटिंग कमी खर्चात हवी आहेत त्यांना मी शिरढोणचा रस्ता जरूर सांगेन. शुक्रवार टाळून जावं आणि जाताना एक नवा बोल्ट न्यावा. माझ्यापुरतं काय होईल ते मला माहीत नाही. वयाच्या पन्नाशीत कुठलं दार उघडतं आणि कुठलं बंद होतं याचा अंदाज मी करत नाही. सकाळी उठून बघतो तेव्हा आभाळ बऱ्याचदा स्वच्छ असतं आणि त्याचा त्रास होतो, एवढं कबूल करतो.

काल नामदेवचा फोन आला.

"साहेब, मना जबाब द्यायला बोलवलंय. काय सांगू?"

"जे घडलं ते सांग."

"ते तवाच सांगितलं व्हतं. तुमी गप बस म्हनालाव."

फोनवर मागून कंटेनर आदळल्याचा आवाज आला, मग कुणीतरी त्याला हाक मारली.

"चला, ठेवतो," तो म्हणाला. "आता परत सांगीन."